ओटीवरच्या गोष्टी : खोटें गांडूळ

या सदरांत आजवर आम्ही सणवार, मुलांचा अभ्यास, घरांतील वडील माणसांचें पथ्यपाणी, क्वचित् एखादें पुस्तक, अशा घरगुती विषयांवरच लिहीत आलों आहों. मासे धरणें हा विषय कधीं या ओटीवर येईल असें आमच्या स्वप्नांतहि नव्हतें. आमच्या घरांत मासा शिजणें तर दूरच. मासळीबाजाराच्या बाजूनें जाणारा रस्तासुद्धां आमच्या मातोश्री टाळीत असत. अशा घरांतल्या एका अकरा वर्षांच्या मुलाला गळ टाकण्याचा नाद लागला, आणि त्याचे आजोबा ऑक्टोबरच्या थंडींत पहांटे तळ्याकांठीं त्याच्या शेजारीं जाऊन बसले, हें वाचून आमच्या कांहीं जुन्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. ती पडूं द्यावी. पण सबंध हकीकत ऐकून घ्यावी, एवढीच विनंति आहे. कारण या हकीकतींतला दोष शेवटीं कोणाच्या पदरांत पडणार आहे, तें आरंभीं आम्हांलाहि ठाऊक नव्हतें.

आमचे वडील चिरंजीव गेलीं चौदा वर्षें अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत, डेट्रॉईट शहराच्या वायव्येस ओकलंड म्हणून जो परगणा आहे, तेथें राहतात. गेल्या वर्षीं दसरा आटोपून आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों. या परगण्यांत लहानमोठीं शेंकडों तळीं आहेत. हजारों वर्षांपूर्वीं या प्रदेशावर बर्फाचा प्रचंड थर पसरलेला होता. तो मागें हटतांना बर्फाचे मोठमोठे तुकडे मातीगोट्यांखालीं गाडले गेले, कालांतरानें ते वितळले, आणि त्या खळग्यांत पाणी सांचून यांतलीं पुष्कळशीं तळीं झालीं. चिरंजीवांच्या घरापासून असें एक तळें दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. ऑक्टोबरांत त्याच्या भोंवतालचे मेपल वृक्ष तांबडे-पिवळे होतात, सकाळीं पाण्यावर धुकें असतें, आणि शांतता इतकी, कीं पान पाण्यावर पडलेलें ऐकूं यावें.

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. जन्मभर कारखान्यांत यंत्रें दुरुस्त केलीं, आतां निवृत्त आहेत. त्यांनीं आमच्या नातवाला गळ टाकावयास शिकविलें. ही बातमी फोनवरून पुण्यास पोंचली तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अग बाई, मुंज झालेला मुलगा आणि हातांत गळ!" पंधरा दिवस दोन्ही घरांत याच एका गोष्टीची चर्चा चालली होती. अखेर सूनबाईंनीं तोड काढली. जिवंत किडा गळाला लावावयाचा नाहीं. मासा धरला तर लगेच पाण्यांत सोडावयाचा. आणि मोठें माणूस बरोबर असल्यावांचून तळ्यावर जावयाचें नाहीं. या तीन अटी मुलानें एका दमांत कबूल केल्या. मासा सोडून देण्याची अट त्याला जड गेली नाहीं, कारण तिकडच्या पुष्कळ हौशी मच्छीमारांची ती रीतच आहे. रे स्कॉट नांवाच्या गृहस्थानें बास माशांच्या शर्यती भरवावयास आरंभ केला होता. त्यानें १९७२ सालीं आपल्या शर्यतींत मासे जिवंत परत सोडण्याची प्रथा घातली, आणि पुढें ती सर्वत्र पसरली.

आम्ही तेथें पोंचलों त्याच दिवशीं नातवानें आपली पेटी उघडून दाखविली. आंत रांगेनें मांडलेलीं लांब, चकचकीत गांडुळें पाहून आजी दोन पावलें मागें सरल्या.

"आजी, खोटीं आहेत हीं! हात लावून बघ," असें म्हणून त्यानें एक त्यांच्या तळहातावर ठेवलें. तें वीतभर लांब, शिजलेल्या शेवयेसारखें मऊ, आणि रंगानें काळपट हिरवें होतें. पाणी स्वच्छ असेल तर असा हिरव्या भोपळ्याचा रंग, गढूळ असेल तर काळा-निळा, असा त्याच्या गुरूंचा पाठ होता.

या खोट्या गांडुळाचा जन्महि एका संसारी माणसाच्या घरींच झाला आहे. ओहायो संस्थानांत ॲक्रन म्हणून रबराच्या कारखान्यांचें शहर आहे. तेथें निक क्रीम नांवाचा एक यंत्रकारागीर राहत असे. १९४९ सालीं त्यानें व्हिनाइल, तेलें आणि रंग यांचें मिश्रण घरच्या घरीं तापवून सांच्यांत ओतलें, आणि खऱ्या गांडुळासारखें मऊ आमिष तयार केलें. पुढें टपालानें त्याची विक्री सुरू झाली, आणि आज तळ्यांतल्या मच्छीमाराच्या पेटींत असा एखादा प्रकार नाहीं असें सहसा घडत नाहीं.

त्याचें सारें मर्म त्याच्या मऊपणांत आहे. बास मासा भक्ष्य चावून खात नाहीं. तो आपलें भलें मोठें तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आंत ओढून घेतो. आंत आलेली वस्तु कठीण लागली, तर तितक्याच त्वरेनें ती थुंकून टाकतो. लांकडाच्या किंवा धातूच्या आमिषाचें कपट म्हणून लवकर उघडें पडतें. मऊ गांडूळ तोंडांत क्षणभर अधिक राहतें. त्यांत मीठ घातलेलें असेल तर आणखी थोडें अधिक. मच्छीमाराला तेवढा क्षण पुरतो.

गांडूळ गळाला लावण्याच्या दोन रीती नातवानें आम्हांस करून दाखविल्या. एका रीतीला टेक्सासचें नांव आहे. तींत दोरावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचें लहानसें वजन ओवतात, गळाचें टोंक गांडुळाच्या डोक्यांतून बाहेर काढतात, आणि गळ फिरवून तें टोंक पुन्हां गांडुळाच्या अंगांत लपवितात. टोंक झांकलेलें असल्यामुळें पाणवेलींतून ओढलें तरी तें अडकत नाहीं. दुसरी रीत अगदींच वेडीवांकडी दिसते. गांडुळाच्या बरोबर मध्यावर गळ टोंचावयाचा, आणि वजन न लावतां पाण्यांत सोडून द्यावयाचें. तें हळूहळू खालीं जातें, आणि जातांना त्याचीं दोन्ही टोंकें आपोआप थरथरतात. मासे या रीतीला फार भुलतात. मात्र मध्यें टोंचलेलें गांडूळ लवकर फाटतें, आणि एका फेकीसरशीं गळावरून निसटून पाण्यांत जातें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे.

आतां ऋतूचा भाग. मासे धरण्यांत कांहीं विद्या आहे असें आम्हांस प्रथम वाटलें, तें तळ्याचें वर्ष कसें चालतें हें या पोरानें समजावून सांगितलें तेव्हां. उन्हाळ्यांत खोल तळ्याचें पाणी थरांनीं राहतें. वरचा थर उन्हानें तापलेला आणि हलका, तळचा थर थंड आणि जड. हे थर एकमेकांत मिसळत नाहींत, आणि म्हणून तळाशीं प्राणवायु कमी कमी होत जातो. शरदांत रात्री लांबल्या म्हणजे वरचें पाणी निवतें, जड होतें, आणि खालीं बसूं लागतें. वरखालचें पाणी सारखेंच थंड झालें कीं वाऱ्याच्या जोरानें सबंध तळें ढवळून निघतें. कोठीतलें खालचें धान्य वर आणि वरचें खालीं करून कोठी पुन्हां भरावी, तसाच हा प्रकार. पुष्कळ तळ्यांत तो वर्षांतून दोनदां, वसंतांत आणि शरदांत होतो. पाणी ४ अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें. त्याहून थंड झालें कीं तें पुन्हां हलकें होऊन वर राहतें, आणि म्हणूनच बर्फ तळाशीं न जमतां पृष्ठभागावर जमतें. तसें नसतें तर हिवाळ्यांत मासे राहिले कोठें असते?

या ढवळण्याच्या दिवसांत मासे चोहोंकडे पांगतात, आणि जाणता मच्छीमारहि रिकाम्या हातानें परततो. पण त्याच्या अगोदर, पाणी निवूं लागलें म्हणजे, लहान मासळी उथळ खाड्यांकडे येते आणि तिच्या मागोमाग बास येतात. पुढें बर्फाखालचे महिने काढावयाचे असतात. त्यांची बेगमी ते यावेळीं करून घेतात. ज्या पाणवेली तपकिरी होऊन कुजूं लागल्या त्यांच्याजवळ मासा थांबत नाहीं. ज्या अजून हिरव्या आहेत, त्यांच्या कडेनें शोधावें. आणि पाणी जसजसें थंड होतें तसतसा मासाहि मंदावतो, कारण त्याचें रक्त पाण्याइतकेंच थंड असतें. म्हणून शरदांत गांडूळ घाईनें ओढून चालत नाहीं. तें तळाशीं टेकूं द्यावें, मनांत दहा अंक मोजावे, मग वीतभर हलवावें, आणि पुन्हां मोजावें. जो मुलगा जेवतांना पांच मिनिटें पाटावर टिकत नाहीं, तो हे अंक मोजीत दोन दोन तास बसतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. आणि खरें सांगावयाचें तर आमची अर्धी आठी तेथेंच उतरली.

कोजागिरीच्या आदल्या दिवशीं पहांटे आम्ही दोघेच तळ्यावर गेलों. चिरंजीवांनीं अंगावर इतके कपडे चढविले होते, कीं आम्हांस वांकतां येईना. नातवानें पाण्यांत उष्णतामापक बुडवून पाहिला, १३ अंश. हिरव्या वेलींची कड पाहून त्यानें गांडूळ फेकलें, आणि मोजणें सुरू झालें. अर्ध्या पाऊण तासानें दोर किंचित् बाजूला सरकला. मुलानें श्वास रोखला, कांठी वर ओढली, आणि मग जी झटापट झाली तींत आम्ही "सांभाळ, सांभाळ" असें ओरडत होतों, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

मासा सुमारें पंधरा इंचांचा होता. त्या संस्थानच्या नियमाप्रमाणें १४ इंचांवरचा बास ठेवून घेतां येतो. पण घरचा नियम वेगळा होता. माशाच्या अंगावर एक चिकट आवरण असतें, कोरड्या हातानें धरलें तर तें निघून जातें, म्हणून मुलानें आधीं दोन्ही हात पाण्यांत बुडविले. गळ ओठाशींच लागला होता, तो सहज निघाला. मासा सोडणार इतक्यांत तो म्हणाला, "आजोबा, याच्या घशांत कांहींतरी आहे."

लांब चिमट्यानें त्यानें तें हलकेंच बाहेर काढलें. तेंहि एक गांडूळच होतें. आमचें नव्हे, दुसऱ्या कोणाचें तरी, केव्हांचें तरी. मूळचा रंग पांढुरका पडला होता, आणि तें फुगून नव्या गांडुळाच्या जवळजवळ दुप्पट जाड झालें होतें. मासा अंगानें रोड होता, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. मुलानें त्याला पाण्यांत दोन्ही हातांवर धरून ठेवलें. तो थोडा वेळ तसाच राहिला, आणि मग शेपटीचा एक फटकारा देऊन दिसेनासा झाला.

घरीं आल्यावर चिरंजीवांच्या मदतीनें आम्हीं या विषयावरचें थोडें वाचन केलें. हीं गांडुळें मुख्यतः पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लॅस्टिकचीं असतात, आणि तें मऊ राहावें म्हणून त्यांत तेलासारखीं द्रव्यें घातलेलीं असतात. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत चार्ल्स्टन नांवाचें सरोवर आहे. तेथें शास्त्रज्ञांनीं पाण्यांत पोहून अशीं टाकलेलीं आमिषें मोजलीं. दर किलोमीटर किनाऱ्यामागें वर्षाकांठीं सुमारें ८० पर्यंत आमिषें पाण्यांत पडत असावींत, असा अंदाज त्यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केला. तीं पाण्यांत दीर्घ काळ ठेवून पाहिलीं, तेव्हां फुगलीं. कुजलीं मात्र नाहींत. पोटांत आमिष सांपडलेल्या माशांचें प्रमाण थोडेंच होतें, हेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें आहे. त्यापूर्वीं २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ट्राउट जातीच्या माशांपुढें हीं आमिषें नुसतीं टाकून पाहिलीं होतीं. माशांनीं तीं आपखुशीनें गिळलीं, आणि ते वजनाला उतरले. २०१३ सालीं मेन संस्थानच्या विधिमंडळांत अशा आमिषांवर बंदी घालणारें विधेयक आलें. मच्छीमारांनीं व कारखानदारांनीं विरोध केला, आणि बंदी न होतां प्रश्नाची चौकशी करण्याचें काम सरकारी खात्याकडे सोंपविण्यांत आलें.

पण हें वाचन नंतरचें. त्या पहांटे, मुलाच्या तळहातावर तें फुगलेलें गांडूळ पडलें होतें, तेव्हां आम्हीं मात्र व्याख्यानास प्रारंभ केला. या देशांतल्या लोकांना वस्तु वापरण्याची हौस दांडगी, पण टाकलेल्या वस्तूचें पुढें काय होतें याची फिकीर नाहीं, आपल्या पूर्वजांनीं नद्यांना माता मानलें, वगैरे वगैरे. हें सर्व आम्हांस तोंडपाठ आहे, आणि या सदराच्या वाचकांसहि असेल.

मुलानें सर्व ऐकून घेतलें. मग तो म्हणाला, "आजोबा, माझ्या मुंजीनंतर आपण पुण्याला पुलावर गाडी थांबवली होती. तुम्ही फुलांची पिशवी नदींत टाकलीत. पिशवीसकट. ती पिशवी आतां कुठें असेल?"

त्याच्या बोलण्यांत ठपका नव्हता. जुनें गांडूळ कोणाचें असेल हें जसें त्याला खरोखरच जाणावयाचें होतें, तसेंच हेंहि. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पूल आठवला, मुठेचें तें काळें पाणी आठवलें, गांठ मारलेली पिशवी आठवली, आणि ती टाकतांना आम्हीं हात जोडले होते, तेंहि आठवलें. पातळ पिशव्यांवर महाराष्ट्रांत २०१८ सालीं बंदी झाली, ही गोष्ट आम्हांस पूर्ण माहीत होती. याच सदरांत आम्हीं तिचें स्वागतहि केलें होतें.

घरीं परतल्यावर मुलानें तें गांडूळ आजीस दाखविलें आणि सारी हकीकत सांगितली, पुलाचीसुद्धां. त्या कांहीं वेळ तें निरखून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गांडूळ खोटें खरें, पण त्या माशाची भूक तर खरी होती." आणि आमच्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पिशवीला गांठ मींच मारून दिली होती."

त्या रात्रीं कोजागिरीच्या दुधाची तयारी चालली असतांना घरांत जी बैठक बसली, तींत गळ बंद करावा अशी सूचना कोणीच केली नाहीं. शेजारच्या गृहस्थांस बोलावून विचारलें. त्यांनीं खिशांतून रबराचें एक बारीक कडें काढलें. तें गांडुळाच्या मध्यावर सरकवावयाचें आणि गळ गांडुळांत न टोंचतां कड्याखालून घालावयाचा. म्हणजे गांडूळ फाटत नाहीं आणि सहसा निसटत नाहीं. गळाच्या टोंकाशीं जो उलटा कांटा असतो तो पकडीनें दाबून टाकला तर माशाच्या तोंडाला जखम कमी होते, हेंहि त्यांनीं दाखविलें. फाटलेलीं गांडुळें खिशांत घालून घरीं आणावयाचीं; तीं वितळवून पुन्हां सांच्यांत ओततां येतात. आणि एक नवी, चौथी अट मुलानें आपण होऊन घातली: तळ्यावर जातांना गांडुळें मोजून न्यावयाचीं, आणि येतांना मोजून आणावयाचीं.

मासा सोडून दिला म्हणजे त्याला दुखलें नाहीं, असें होत नाहीं, याची आम्हांस जाणीव आहे. केवळ करमणुकीकरितां एका जिवाला क्षणभर तरी कां छळावें, हा प्रश्न आम्हीं नातवापुढें मांडला आहे. त्यावर तो विचार करतो, आणि आम्हीहि करतों. अजून दोघांचें एकमत झालेलें नाहीं. परंतु जो मुलगा हातांतल्या माशाच्या घशांत डोकावून पाहतो, त्याला हा प्रश्न विचारतां येतो. ज्यानें पुलावरून खालीं वांकूनहि पाहिलें नाहीं, त्याची गोष्ट अधिक अवघड आहे.

पुण्यास परतल्यावर आम्हीं मागल्या अंगणांत तुळशीवृंदावनाशेजारीं एक जुनें मडकें ठेवलें आहे. देवाचीं फुलें, बेल, दूर्वा त्यांत पडतात. त्यांची माती होते आणि ती पुन्हां झाडांना जाते. धाकट्या सूनबाई म्हणाल्या, हें त्या गेलीं चार वर्षें सुचवीत होत्या. त्यांचें म्हणणें खरें आहे.

गेल्या आठवड्यांत नातवाचें पत्र आलें. हातानें लिहिलेलें, वळणदार नसलें तरी मराठींत. त्यांतला मजकूर एवढाच होता: "आजोबा, बर्फ गेलें. शनिवारीं १२ नेलीं, ११ परत आणलीं. एक दोर तुटून गेलें, त्याचें वाईट वाटलें. दुसऱ्यांचीं टाकलेलीं ७ सांपडलीं. मासा एकहि नाहीं. तुमचे किती?"

आम्हीं उलट टपालीं आमचा हिशेब लिहून पाठविला. या महिन्यांत नदीवर कांहीं गेलें नाहीं. घर शोधतां माळ्यावरच्या डब्यांत जपून ठेवलेल्या तसल्या पिशव्या मात्र एकतीस निघाल्या. वाचकांनीं आपापल्या घरचा माळा एकदां पाहावा, आणि आंकडा आम्हांस न कळवितां घरांतल्या मुलांस कळवावा.